गरिबांची संख्या ठरते कशी? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

विकसनशील देशांतील दारिद्र्य आणि विषमता यांविषयीच्या संशोधनावर आलेल्या पत्रांतून या वेळी सहा प्रश्न निवडले आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : जून २०२५ मध्ये जागतिक बँकेने अतिदारिद्र्याची रेषा बदलली आणि जगातील गरिबांचा आकडा एकदम साडेबारा कोटींनी वाढला. एवढे लोक खरोखरच गरीब झाले का? आणि अशी रेषा परत परत बदलत असेल, तर गरिबी कमी झाल्याच्या दाव्यावर विश्वास कसा ठेवायचा?

एकही माणूस त्यामुळे गरीब झाला नाही. बँकेने २०२२ याच वर्षाचा अंदाज नव्या रेषेने पुन्हा काढला आणि तो ७१.३ कोटींवरून ८३.८ कोटींवर गेला. वर्ष तेच, माणसे तीच. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र इतके सोपे नाही, कारण त्यासाठी ही रेषा कशी तयार होते ते पाहावे लागते.

१९९० च्या जागतिक विकास अहवालात ‘दिवसाला एक डॉलर’ ही रेषा प्रथम आली. बँकेतील अर्थतज्ज्ञ मार्टिन रॅव्हालियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरीब देशांनी स्वतः आखलेल्या दारिद्र्यरेषा एकत्र मांडल्या, तेव्हा त्यांतील अनेक रेषा एका डॉलरच्या आसपास येतात असे त्यांना दिसले. पुढे २००८ मध्ये ही रेषा १.२५ डॉलर झाली, २०१५ मध्ये १.९०, २०२२ मध्ये २.१५ आणि २०२५ मध्ये ३ डॉलर. प्रत्येक वेळी दोन गोष्टी बदलतात. पहिली म्हणजे निरनिराळ्या देशांतील किमतींची तुलना. येथे डॉलर म्हणजे बँकेत बदलून मिळणारा डॉलर नसून क्रयशक्ती समतेने, म्हणजे तेवढ्या पैशात प्रत्यक्ष किती वस्तू आणि सेवा घेता येतात त्यावरून, मोजलेला डॉलर असतो. गरीब देशांत श्रम स्वस्त असल्यामुळे घरभाडे, प्रवास, दुरुस्ती अशा सेवाही स्वस्त असतात, आणि बाजारातील विनिमय दर हा फरक दाखवत नाही. २०२१ मध्ये बाजारात एका डॉलरला सुमारे ७४ रुपये मिळत होते. क्रयशक्तीच्या हिशेबाने मात्र एका डॉलरच्या तोडीचा उपभोग भारतात वीस रुपयांच्या आसपास होत होता. म्हणजे तीन डॉलरची रेषा ही भारतात २०२१ च्या किमतींनुसार दिवसाला माणशी साठेक रुपयांची रेषा होते. वर्तमानपत्रांत ती पुष्कळदा अडीचशे रुपये म्हणून छापली गेली, ते चूक आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे अल्प उत्पन्न गटातील देशांच्या स्वतःच्या रेषा. त्या चढत्या क्रमाने मांडल्या असता मधोमध येणारी रेषा आता आंतरराष्ट्रीय रेषा म्हणून घेतली जाते. गेल्या काही वर्षांत यांपैकी बऱ्याच देशांनी आपल्या पाहण्या सुधारल्या आणि रेषा वर नेल्या. २०२५ च्या बदलात महागाईपेक्षा या कारणाचा वाटा मोठा आहे. असा धक्का पहिल्यांदाच बसला आहे असेही नाही. विकसनशील देशांतील किमती समजत होतो त्यापेक्षा जास्त आहेत, असे किमतींच्या २००५ च्या आंतरराष्ट्रीय पाहणीतून दिसले, आणि २००८ मध्ये जगातील गरिबांचा अंदाज सुमारे चाळीस कोटींनी वाढून १४० कोटींवर गेला होता.

आता विश्वासाचा मुद्दा. कोणतीही एक रेषा धरून १९९० पासूनची सगळी वर्षे त्याच रेषेने मोजली, तर अतिदारिद्र्याचे प्रमाण मोठ्या प्रमाणात घटलेले दिसते, या घटीचा सर्वांत मोठा भाग चीन आणि पूर्व आशियातला असतो, आणि उरलेली अतिगरीब लोकसंख्या अधिकाधिक प्रमाणात सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत एकवटत गेलेली असते. रेषा वरखाली केल्याने या निष्कर्षांना बाध येत नाही. बाध येतो तो ‘जगात इतके कोटी गरीब आहेत’ या सुट्या विधानाला. भारताचेच उदाहरण घ्या. २०२२-२३ च्या एकाच पाहणीवरून तीन डॉलरच्या रेषेखाली ५.३ टक्के लोक येतात. निम्न मध्यम उत्पन्न देशांसाठी बँक जी ४.२० डॉलरची रेषा वापरते, तिच्याखाली त्याच पाहणीनुसार २३.९ टक्के येतात. दोन्ही आकडे बरोबर आहेत. मात्र त्यांतला एकच सांगणाऱ्याने रेषा कोणती घेतली तेही सांगितले पाहिजे, आणि राजकीय भाषणांत नेमके तेवढेच गाळले जाते.

प्रश्न : मी संख्याशास्त्र शिकवते. प्रश्नावली बदलल्यामुळे दारिद्र्याचा आकडा बदलतो असे वाचले. हा फरक खरोखर किती मोठा असू शकतो?

आपल्याला वाटेल त्यापेक्षा बराच मोठा. भारताची राष्ट्रीय नमुना पाहणी पूर्वी कुटुंबांना गेल्या तीस दिवसांत कोणत्या वस्तूवर किती खर्च झाला असे विचारत असे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिने एक प्रयोग केला. यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या काही कुटुंबांना जुनी प्रश्नावली दिली आणि उरलेल्यांना नवी. नव्या प्रश्नावलीत अन्नासाठी सात दिवसांचा आणि कधीतरीच होणाऱ्या खर्चांसाठी वर्षाचा कालावधी होता. माणूस महिनाभरातले किरकोळ खाणे विसरतो आणि आठवड्यातले सांगतो, तसेच वर्षातून एकदा केलेली मोठी खरेदी महिन्याच्या प्रश्नात बहुधा येतच नाही. परिणामी नव्या प्रश्नावलीत गरीब कुटुंबांचा नोंदलेला खर्च इतका वाढला की मोजलेल्या दारिद्र्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. एवढी घट कोणत्याही सरकारी योजनेने कधी केलेली नाही!

त्यानंतर १९९९-२००० च्या मोठ्या फेरीत अन्नासाठी सात आणि तीस दिवसांचे दोन्ही प्रश्न एकाच कुटुंबाला शेजारी शेजारी विचारले गेले. उत्तर देणारा साहजिकच एका उत्तराशी दुसरे जुळवून घेतो, आणि त्यामुळे तीस दिवसांचे उत्तरही जुन्या तीस दिवसांच्या उत्तरासारखे राहिले नाही. १९९३-९४ मध्ये ३६ टक्के असलेले दारिद्र्य २६ टक्क्यांवर आल्याचे अधिकृतपणे जाहीर झाले आणि त्यावर काही वर्षे वाद चालला. या वादात अँगस डीटन यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांनी एक युक्ती केली. इंधनासारख्या ज्या वस्तूंच्या प्रश्नाचा कालावधी बदललेला नव्हता, त्यांच्या खर्चावरून त्यांनी एकूण खर्चाचा अंदाज बांधला. या मार्गाने घट दिसली, पण अधिकृत आकड्यापेक्षा कमी. २००४-०५ च्या फेरीचा निकाल पाहिला तर हाच मुद्दा स्पष्ट होतो. सर्व वस्तूंसाठी तीस दिवस धरले तर दारिद्र्य २७.५ टक्के, आणि काही वस्तूंसाठी वर्षाचा कालावधी धरला तर २१.८ टक्के.

पुढचा इतिहास अधिक अडचणीचा आहे. २०१७-१८ च्या पाहणीचे निष्कर्ष सरकारने गुणवत्तेचे कारण देऊन प्रसिद्ध केले नाहीत, त्यामुळे २०११-१२ नंतर थेट २०२२-२३ ची आकडेवारी हाती आली. मधल्या काळासाठी अभ्यासकांनी इतर स्रोतांवरून अंदाज बांधले आणि ते एकमेकांपासून बरेच दूर होते. नव्या पाहणीत एकाच भेटीऐवजी प्रत्येक कुटुंबाला तीन महिन्यांत तीन भेटी देऊन प्रश्नावलीचे तीन भाग भरून घेतले गेले. थकलेल्या माणसाकडून तास-दोन तासांत सगळी यादी काढून घेण्यापेक्षा ही पद्धत निश्चितच चांगली आहे. पण चांगल्या पद्धतीची तुलना जुन्या पद्धतीशी करताना सुधारणा किती लोकांच्या स्थितीतील आणि किती मोजणीतील हे वेगळे करणे अवघड होते. तीन डॉलरच्या रेषेने भारतातील प्रमाण २०११-१२ मधील २७.१ टक्क्यांवरून ५.३ टक्क्यांवर आले, या विधानाच्या बाबतीत माझे मत असे की घट मोठी आहे याबद्दल वाद नसावा, पण तिचा दशांशापर्यंतचा आकार कोणी छातीठोकपणे सांगू नये.

आपण संख्याशास्त्र शिकवता म्हणून आणखी एक गोष्ट सुचवतो. ही सारी पाहणी कुटुंबाची असते आणि माणशी खर्च हा भागाकाराने काढलेला असतो. घरात कोणाच्या वाट्याला किती येते, हे ती पाहतच नाही. स्त्रियांच्या आणि मुलांच्या दारिद्र्याविषयीचे अनेक ठाम आकडे या भागाकारावर उभे आहेत.

प्रश्न : दारिद्र्यरेषा उष्मांकांवरून ठरवण्याची पद्धत अजून चालू आहे का?

भारतात अधिकृतपणे नाही. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दिवसाला माणशी २,२५० उष्मांक मिळतील एवढ्या खर्चाची रेषा घेतली आणि १९६०-६१ च्या पाहणीवरून ग्रामीण भागातील सुमारे ४० टक्के, तर शहरी भागातील सुमारे ५० टक्के लोक तिच्याखाली असल्याचे दाखवले. पुढे नियोजन आयोगाच्या कार्यगटाने ग्रामीण भागासाठी २,४०० आणि शहरी भागासाठी २,१०० उष्मांकांची मर्यादा घेतली. यात पुढे एक विचित्र अडचण उभी राहिली. १९८० च्या दशकापासून भारतीयांचा खरा खर्च वाढत असताना उष्मांकांचे सरासरी सेवन मात्र घटत गेले. कष्टाची कामे कमी होणे, पाणी व आरोग्य यांत सुधारणा होणे, अन्नाखेरीजच्या गरजा वाढणे अशी कारणे अभ्यासकांनी मांडली आहेत, पण ती एकमेकांपासून सोडवून दाखवणे कोणाला पूर्णपणे जमलेले नाही. उष्मांकांना चिकटून राहिले तर लोक अधिक खर्च करत असतानाही अधिक गरीब होत चालल्याचे दिसते. दारिद्र्यमोजणीसाठी नेमलेल्या तेंडुलकर समितीने २००९ मध्ये उष्मांकांचा आधार सोडला, त्यामागे ही अडचण होती.

प्रश्न : एका अहवालानुसार भारत जगातील कमी विषमतेच्या देशांपैकी आहे, तर दुसऱ्या अहवालानुसार येथील विषमता ब्रिटिश राजवटीपेक्षाही जास्त आहे. यातले खरे काय?

दोन्ही अहवाल वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. पहिल्याचा आधार कुटुंबांच्या उपभोग खर्चाचा गिनी निर्देशांक (शून्य म्हणजे पूर्ण समानता, शंभर म्हणजे पूर्ण विषमता) हा आहे. जागतिक बँकेच्या नोंदीत तो २०११-१२ मधील २८.८ वरून २०२२-२३ मध्ये २५.५ वर आला. दुसऱ्याचा आधार जागतिक विषमता प्रयोगशाळा या संशोधन संस्थेचा २०२४ मधील अभ्यास आहे. प्राप्तिकराच्या नोंदी, राष्ट्रीय लेखे आणि पाहण्या जोडून या अभ्यासाने असे मांडले की २०२२-२३ मध्ये वरच्या एक टक्का लोकांकडे देशाच्या उत्पन्नाचा २२.६ टक्के वाटा होता.

उपभोगातील विषमता उत्पन्नातील विषमतेपेक्षा नेहमीच कमी भरते, कारण श्रीमंत माणूस उत्पन्नाचा मोठा भाग खर्च न करता साठवतो आणि गरीब माणूस प्रसंगी कर्ज काढून खर्च करतो. शिवाय अतिश्रीमंत कुटुंबे नमुन्यात क्वचितच येतात, आणि आली तरी पाहणी करणाऱ्याला सहसा दारातूनच परत पाठवतात. लॅटिन अमेरिकेतील देश विषमता उत्पन्नावरून मोजतात आणि भारत उपभोगावरून मोजतो, म्हणून ब्राझीलशेजारी भारताचा गिनी ठेवून काढलेल्या क्रमवारीला फारसा अर्थ उरत नाही. दुसऱ्या बाजूने हेही सांगितले पाहिजे की भारतात प्राप्तिकर भरणारे लोक थोडे असल्याने करनोंदींवर आधारलेल्या अंदाजात मधल्या आणि खालच्या थरांविषयी बरीच गृहीतके घ्यावी लागतात. तरीही वरच्या टोकाविषयी बोलायचे असेल तर मी करनोंदींकडे पाहीन, आणि खालच्या अर्ध्या लोकसंख्येविषयी बोलायचे असेल तर पाहणीकडे.

याला जोडून अनेकांनी विचारले आहे की विकासाच्या सुरुवातीला विषमता वाढते आणि नंतर आपोआप कमी होते, हे सिद्ध झाले आहे का. सिद्ध झालेले नाही. अर्थतज्ज्ञ सायमन कुझनेट्स यांनी १९५५ मध्ये ही कल्पना मांडली, तेव्हाच आपल्या निबंधात पाच टक्के माहिती आणि पंचाण्णव टक्के तर्क आहे असे त्यांनी स्वतः लिहून ठेवले होते. नंतरच्या पिढ्यांनी त्यांची कल्पना घेतली आणि ही कबुली सोडून दिली. जमीन सुधारणांनंतर दक्षिण कोरिया आणि तैवान कमी विषमतेसह वेगाने वाढले. चीनमध्ये आर्थिक सुधारणांनंतर विषमता वाढत गेली आणि अधिकृत गिनी २००८ मध्ये ०.४९१ पर्यंत (शंभरच्या मापाने ४९.१) पोहोचला. ब्राझीलमध्ये २००१ ते २०११ या दशकात तो साधारण ०.५८ वरून ०.५३ वर उतरला. त्यात किमान वेतनवाढ, शिक्षणाचा प्रसार आणि ‘बोल्सा फॅमिलिया’ ही अर्थसाहाय्य योजना या तिन्हींचा हात होता. यातले काहीही आपोआप घडलेले नाही.

प्रश्न : आमची संस्था शाळांसाठी काम करते. देणगीदार प्रत्येक वेळी केनियातील किंवा मेक्सिकोतील यादृच्छिक चाचण्यांचे दाखले देतात. एका देशात यशस्वी ठरलेला उपाय दुसरीकडे चालेलच असे मानावे का?

मानू नये. म्हणून त्या चाचण्या निरुपयोगी ठरतात असेही नाही. आधी त्यांचे सामर्थ्य पाहू. मेक्सिकोने १९९७ मध्ये ‘प्रोग्रेसा’ योजना सुरू केली. मुले शाळेत आणि दवाखान्यात जात असतील तर आईच्या हाती रोख रक्कम देणारी ही योजना होती. मूल्यमापनासाठी ५०६ गावे घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांपैकी ३२० गावांत ती आधी लागू केली. उरलेल्या १८६ गावांशी तुलना केल्यामुळे माध्यमिक शाळेतील, विशेषतः मुलींच्या, नोंदणीत झालेली वाढ योजनेमुळेच आहे हे कोणालाही नाकारता आले नाही. २००० मध्ये सत्तापालट होऊनही योजना नाव बदलून टिकली, याचे श्रेय बरेचसे या पुराव्याला दिले जाते. पुढे डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या सरकारने २०१९ मध्ये ती बंद केली. पुरावा योजनेला किती काळ तारू शकतो याची मर्यादाही त्यातून दिसली.

शाळांच्या बाबतीत तर केनियाचे तीन अनुभव आपल्या देणगीदारांना जरूर सांगा. पहिल्यात ग्रामीण शाळांना पाठ्यपुस्तके मोफत दिली, तरी सरासरी गुण वाढले नाहीत. आधीच हुशार असलेल्या मुलांना तेवढा लाभ झाला, कारण पुस्तके इंग्रजीत होती आणि अनेक मुलांची ती तिसरी भाषा होती. दुसऱ्यात पश्चिम केनियातील बुसिया भागातल्या ७५ शाळांत जंतनाशक गोळ्या दिल्यावर गैरहजेरी सुमारे पाव हिश्शाने घटली. त्या भागात जंतसंसर्ग अतिशय तीव्र होता आणि जिथे संसर्ग सौम्य आहे तिथे तोच परिणाम अपेक्षिता येत नाही, यावर पुढे संशोधकांत तीव्र वादही झाला. तिसरा अनुभव सर्वांत बोलका आहे. कंत्राटी शिक्षक नेमल्याने मुलांचे गुण सुधारतात असे आधीच्या चाचणीत दिसले होते. म्हणून तीच योजना काही शाळांत स्वयंसेवी संस्थेमार्फत आणि काही शाळांत सरकारी यंत्रणेमार्फत राबवून तुलना केली. संस्थेच्या शाळांत गुण वाढले, सरकारी यंत्रणेच्या शाळांत काहीच परिणाम दिसला नाही. देश तोच, योजना तीच, राबवणारे हात वेगळे.

अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ मध्ये नोबेल मिळाले ते या पद्धतीच्या प्रसारासाठी, आणि २०१५ चे नोबेल मिळालेले डीटन हे तिचे सर्वांत कठोर टीकाकार आहेत. त्यांचा मुद्दा असा की चाचणी एका ठिकाणचा सरासरी परिणाम सांगते, तो का झाला हे ती आपण होऊन सांगत नाही, आणि ‘का’ कळल्याशिवाय दुसऱ्या ठिकाणी काय होईल हे सांगता येत नाही. मला हा आक्षेप योग्य वाटतो. पण त्याचे उत्तरही चाचण्यांच्याच मालिकेतून काही प्रमाणात मिळाले आहे. पाठ्यपुस्तकांच्या अपयशातून असे सुचले की अडचण साधनांची नसून वर्गाच्या पातळीची आहे. मुंबई आणि वडोदरा येथे ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या बालसखींनी, म्हणजे वस्तीतूनच नेमलेल्या तरुण साहाय्यक शिक्षिकांनी, मागे पडलेल्या मुलांना वर्गाबाहेर घेऊन त्यांच्या पातळीनुसार शिकवले, तेव्हा सर्वांत कमकुवत मुलांचे गुण लक्षणीय सुधारले. त्यामुळे देणगीदाराने एखाद्या देशाचे नाव घेतले, की आपण त्याला विचारावे : तिथे कोणता अडथळा दूर झाला, तो अडथळा आमच्या शाळांत आहे का, आणि तिथे ते काम कोणी केले?

प्रश्न : गरिबांना थेट रोख रक्कम दिली तर ती दारूत जाते आणि गावात भाववाढ होते, हे खरे आहे का?

पहिला भाग पुराव्यावर टिकत नाही. डेव्हिड इव्हान्स आणि ॲना पोपोव्हा या संशोधकांनी लॅटिन अमेरिका, आफ्रिका आणि आशियातील १९ अभ्यास तपासले आणि अर्थसाहाय्यामुळे दारू-तंबाखूवरील खर्च वाढल्याचे त्यांना आढळले नाही. भाववाढीचे उत्तर ठिकाणावर अवलंबून आहे. केनियाच्या सियाया परगण्यात ६५३ गावांचा अभ्यास झाला. तिथे दहा हजारांहून अधिक कुटुंबांना प्रत्येकी साधारण हजार डॉलर दिले गेले, तरी किमती नाममात्र वाढल्या आणि ज्यांना पैसे मिळाले नव्हते त्या कुटुंबांचाही खर्च वाढला, कारण दुकानदार आणि कारागीर यांच्याकडे वाढीव मागणी भागवण्याइतकी रिकामी क्षमता होती. फिलिपिन्समधील दुर्गम गावांत याच्या उलट घडले. बहुसंख्य कुटुंबांना साहाय्य मिळू लागल्यावर तिथे अंडी, मासे यांसारख्या नाशवंत पदार्थांचे भाव वाढले आणि योजनेबाहेरच्या कुटुंबांतील मुलांची वाढ खुंटण्याचे प्रमाण वाढल्याचे आढळले. त्यामुळे रक्कम किती द्यायची हे ठरवण्याआधी त्या गावात बाहेरून माल किती सहज पोहोचतो याची चौकशी करावी, आणि तो पोहोचत नसेल तर सरसकट सर्वांना साहाय्य द्यावे किंवा रोख रकमेऐवजी वस्तू द्याव्यात, असे या दोन अभ्यासांवरून म्हणता येते.